वीज गेलेल्या हिवाळ्यात काचेतले मासे

१५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे टेक्ससमध्ये सक्तीचे भारनियमन सुरू झाले. हिमवादळात वीजनिर्मिती कोलमडली होती आणि सगळे जाळेच बसू नये म्हणून यंत्रणेने भागाभागाने वीज तोडली. काही तासांची म्हणून केलेली ही तोड अनेक घरांत तीन-चार दिवस टिकली. ४५ लाखांहून अधिक घरे-दुकाने अंधारात गेली. डॅलसमध्ये पारा उणे १८ च्याही खाली उतरला. तिकडे बऱ्याच घरांत उबेची भट्टी गॅसवर चालते, पण तिची गरम हवा फिरवणारा पंखा विजेवर असतो, त्यामुळे वीज गेली तशी ऊबही गेली. ह्यूस्टन-डॅलस भागात मराठी कुटुंबे बरीच आहेत, म्हणून ते चार दिवस पुण्या-नाशकातल्या घरांनीही फोनला कान लावून काढले. माणसांचे हाल जगाने पाहिले. त्याच घरांच्या दिवाणखान्यांत फिश टँकही होते. हीटर, फिल्टर आणि एअर पंप या तिन्ही गोष्टी एका क्षणात बंद पडल्यावर त्यातल्या माशांचे काय होते, हा त्या वेळी शेकडो घरांत विचारला गेलेला प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही.

असे प्रसंग नवे नाहीत. जानेवारी १९९८ मध्ये क्यूबेकमध्ये बर्फपावसाने विजेचे मनोरे आडवे केले, तेव्हा १४ लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली आणि काही गावांत ती परतायला महिना लागला. २०२२ च्या ऑक्टोबरपासून युक्रेनच्या वीजकेंद्रांवर हल्ले होऊ लागल्यावर तिथे वेगळाच प्रकार सुरू झाला: काही तास वीज, काही तास नाही, असे महिनोन्‌महिने. सलग चार दिवस आणि रोजचे आठ तास या माशांच्या दृष्टीने दोन वेगळ्या आपत्ती आहेत. दुसऱ्या प्रकारात पाणी रोज थोडे गार होते आणि रोज पुन्हा तापते, आणि या हेलकाव्याचा अभ्यास सलग थंडीपेक्षाही कमी झाला आहे.

थंडीची बाजू

सर्वांत जुने आणि सर्वांत सहज सुचणारे मत असे की, उष्ण कटिबंधातला मासा थंडीने मरतो, तेव्हा आधी ऊब जपा. या मतामागे भक्कम शास्त्र आहे. टोरांटो विद्यापीठातले फ्रेड फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये गोल्डफिशच्या मरणमर्यादा मोजल्या, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली: माशाची थंडी सोसण्याची मर्यादा ठरलेली नसते. तो आधी किती तापमानाला रुळला आहे, त्यावर ती सरकते. ढोबळमानाने, रुळलेले तापमान तीन अंशांनी वाढले की थंडीची मरणमर्यादा दोन अंशांनी वर येते. म्हणजे वर्षभर २८ अंशांवर ठेवलेला मासा २२ अंशांवर ठेवलेल्या त्याच जातीच्या माशापेक्षा खूप आधी गारठतो. घरी प्रेमाने हीटर थोडा जास्तच लावून ठेवणाऱ्यांच्या माशांना वीज गेल्यावर त्या प्रेमाची किंमत मोजावी लागते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

पेशीच्या पातळीवर काय घडते, हेही बऱ्यापैकी कळले आहे. पेशीभोवतालचे पटल स्निग्ध पदार्थांचे असते. हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल तेल थिजते तसेच हे पटल गारठ्यात घट्ट होऊ लागते आणि त्यात बसवलेल्या प्रथिनांचे काम मंदावते. मासा पटलातल्या स्निग्धाम्लांचे प्रमाण बदलून त्यावर मात करू शकतो. पण त्याला वेळ लागतो. उष्णतेला रुळणे दिवसा-दोन दिवसांत जमते, थंडीला रुळायला आठवडे लागू शकतात. एका रात्रीत १० अंशांनी उतरलेले पाणी ही सवड देत नाही.

प्रत्यक्ष मृत्यू बहुधा गोठून होत नाही. कल्ल्यांतले क्षार राखणारे पंप मंदावतात, रक्तातले सोडियम-क्लोराइड घटते, मज्जासंस्थेचे काम विस्कळीत होते आणि मासा कलंडतो. तिलापियावर, म्हणजे उजनीच्या काठी ज्याला चिलापी म्हणतात त्या माशावर, १९७० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दिसले की ११ अंशांच्या गोड्या पाण्यात ढेपाळणारे मासे किंचित खारट पाण्यात बरेच सावरतात. थंडीत टँकमध्ये थोडे मीठ टाकावे, या सल्ल्याचे मूळ इथे आहे. पण तिलापिया मुळातच खाऱ्या पाण्याला सरावणारा मासा आहे. टेट्रा, कोरिडोरस किंवा डिस्कस यांना तोच न्याय लावता येईल का, यावर जाणत्या लोकांत एकमत नाही.

निसर्गानेही दोनदा मोठा प्रयोग करून दाखवला. जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडात लांबलेल्या थंडीत एव्हरग्लेड्समधले परके सिक्लिड मासे मोठ्या संख्येने मेले, किनाऱ्यावरची प्रवाळे मेली आणि टॅम्पाजवळच्या हिल्सबरो परगण्यातल्या शोभिवंत माशांच्या शेततळ्यांचे मोठे नुकसान झाले. २०२१ च्या टेक्सस वादळात तिथल्या सरकारी वन्यजीव खात्याच्या अंदाजानुसार किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेले. ते मोकळ्या पाण्यातले होते. तिथे फिल्टर बंद पडण्याचा प्रश्नच नव्हता. नुसत्या थंडीने मासे मरतात, याचा याहून ढळढळीत पुरावा नको.

श्वासाची बाजू

दुसरे मत गेल्या दोन-तीन दशकांत जोर धरत आले आहे: थंडी हळू येते, गुदमरणे लवकर येते. आधी पाणी हलते ठेवा, मग उबेचे पाहा.

या मताचा पाया साधा आहे. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. ३० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, २० अंशांना नऊ, १० अंशांना अकराहून थोडा अधिक. उलट माशाची गरज थंडीत कमी होते. दर १० अंशांच्या घसरणीला चयापचय साधारण निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणजे पाणी उतरते तशी आवक वाढते आणि खप घटतो. हिवाळ्यातली वीजबंदी उन्हाळ्यातल्या वीजबंदीपेक्षा माशांना श्वासाच्या बाबतीत सौम्य असते, ती यामुळे. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या मोठ्या मत्स्यालयात हेच उलट्या बाजूने दिसले. इमारत वादळात टिकली, पण जनरेटर बंद पडल्यावर उकाड्यात तिथले बहुतेक मासे गेले.

या गटाचा सर्वांत वजनदार पुरावा मत्स्यव्यापारातून येतो. सिंगापूरहून निघालेली माशांची खोकी एक-दोन दिवस अंधारात, फिल्टरशिवाय, हीटरशिवाय प्रवास करतात. मासे आधी उपाशी ठेवलेले असतात, पिशवीत शुद्ध ऑक्सिजन भरलेला असतो आणि थर्माकोलचे खोके तापमान सावकाश उतरू देते. बहुतेक मासे जिवंत पोहोचतात. म्हणजे श्वास आणि रिकामे पोट सांभाळले तर दोन दिवस निभतात. पण त्या पिशवीतले तापमान सहसा २० च्या खूप खाली जात नाही, हे विसरून चालणार नाही. टेक्ससमधल्या घरांची तशी हमी नव्हती.

श्वासाची बाजू सर्व जातींना सारखी लागू पडत नाही. फायटर आणि गुरामी पृष्ठावर येऊन हवा घेतात, त्यांना स्थिर पाण्याची भीती कमी. मात्र खोली गार असताना ती हवाही गार असते आणि त्यामुळे त्यांच्या श्वसनेंद्रियाला इजा होते, असे पैदासकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. हे अनुभवातून आलेले मत आहे. गोल्डफिश या सगळ्यांत वेगळा: ऑक्सिजन संपला तर तो शरीरात मद्यार्क तयार करून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि थंड पाण्यात कित्येक तास तग धरतो. दुसऱ्या टोकाला आपल्या पश्चिम घाटातला ‘मिस केरळ’ आहे. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला सह्याद्रीवरूनच ‘सह्याद्रिया’ असे शास्त्रीय नाव मिळाले. डोंगरी ओढ्यांच्या खळाळत्या पाण्यात वाढलेला हा मासा आज जगभरच्या टँकांत आहे. त्याला थोडा गारवा चालतो, साचलेले पाणी चालत नाही. ऊब आधी मानणारा त्याच्याबाबत चुकेल आणि श्वास आधी मानणारा उबेवाचून न चालणाऱ्या डिस्कसबाबत. दोन्ही बाजूंचा वाद बराचसा आपापल्या टँकमधल्या जातींवरून घडला आहे, असे माझे मत झाले आहे.

दाट लावलेल्या पाणवनस्पतींचे टँक हा वेगळाच पेच. दिवे असताना त्या ऑक्सिजन देतात. अंधारात त्याच तो घेतात. वीज गेल्यावर खिडकीतून येणारा हिवाळी उजेड त्यांना बहुधा पुरत नाही, आणि मालकाला ज्यांचा आधार वाटत असतो त्या वनस्पती माशांच्या वाटेकरी होतात. समुद्री टँकची स्थिती आणखी नाजूक. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी मावतो आणि प्रवाळांना हलते पाणी लागतेच.

फिल्टरचा मुद्दा

तिसरा गट म्हणतो, माशांआधी फिल्टरमधल्या जिवाणूंचा विचार करा. अमोनिया निरुपद्रवी करणारे हे जीव मेले, तर वीज आल्यावर खरी आपत्ती सुरू होते. जुन्या पुस्तकांत पाणी थांबल्यावर तास-दोन तासांत ते मरतात, असे ठामपणे लिहिलेले आढळते. या ठामपणाला गेल्या पंचवीस वर्षांत तडे गेले आहेत, कारण ते जीव कोण हेच नव्याने ठरवावे लागले. १९९८ मध्ये टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइट संपवण्याचे काम पुस्तकातले नायट्रोबॅक्टर करत नाहीत, नायट्रोस्पायरा करतात. २०११ मध्ये कॅनडातल्या संशोधकांना अनेक टँकांच्या फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे बहुसंख्य जीव जिवाणूही नसून आर्किया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला. अमोनियावर जगणारे जिवाणू उपासमारीत आठवडेच्या आठवडे निपचित राहून पुन्हा कामाला लागतात, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. खरा धोका बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये असतो. तिथे गाळ साचलेला, पाणी कोंडलेले, ऑक्सिजन संपतो आणि सडका वास येऊ लागतो. ते पाणी तसेच टँकमध्ये ढकलू नये, याबद्दल मात्र तिन्ही गट सहमत आहेत.

अमोनियाच्या बाबतीत थंडी मदतच करते. विषारी असतो तो अमोनियाचा आयनरहित अंश. सामू ८ असताना २५ अंशांना तो पाच टक्क्यांच्या थोडा वर असतो, १५ अंशांना निम्म्यावर येतो. उपाशी, गारठलेला मासा अमोनिया टाकतोही कमी. खायला घालू नये हा सल्ला म्हणून निर्विवाद ठरला आहे.

उबेचा हिशेब

या वादात मापे क्वचितच मांडली जातात, म्हणून थोडे आकडे. १०० लिटरचा उघडा काचेचा टँक २५ अंशांवर आणि खोली १५ अंशांवर असेल, तर पहिल्या तासात पाणी ढोबळमानाने पाऊण अंशाच्या आत-बाहेर उतरते. दहा तासांत ते २० च्या आसपास येते. ४०० लिटरचा टँक त्याच खोलीत बराच सावकाश उतरतो, कारण पाण्याच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी. आता लोकप्रिय उपाय पाहू: गरम पाण्याच्या बाटल्या तरंगत ठेवणे. ६० अंशांच्या पाण्याची दोन लिटरची बाटली पूर्ण निवेपर्यंत २० अंशांवरचा तोच १०० लिटरचा टँक जेमतेम पाऊण अंशाने तापवते. म्हणजे उघड्या टँकला सुरुवातीचा ऱ्हास भरून काढायला जवळपास दर तासाला एक बाटली लागेल. घरातला माणूस दोन रात्री हे करू शकत नाही. चारही बाजूंना आणि खाली थर्माकोल, वर गोधड्या असे वेष्टन केले तर ऱ्हास निम्म्याहून कमी होतो, मग बाटल्यांना अर्थ येतो. तापवण्याआधी गुंडाळा, हा क्रम आकड्यांतूनच निघतो.

यावर श्वासवाल्यांची हरकत असते की गुंडाळले तर हवा कोंडेल. हरकत रास्त आहे, पण तिलाही हिशेब आहे. झाकण आणि पाणी यांत पाच सेंटिमीटर जागा असेल तर अशा टँकवर सुमारे १४ लिटर हवा राहते. तिच्यातला ऑक्सिजन खालच्या सगळ्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या चौपटीहून जास्त असतो. अडचण हवेच्या साठ्याची नसून ती पाण्यात उतरण्याच्या वेगाची आहे, आणि तिथे पृष्ठभाग हलवणे हाच इलाज. गार होणारा टँक थोडेफार स्वतःच हे करतो: वरचे पाणी निवून जड होते, खाली बसते, खालचे वर येते. दाटीने भरलेल्या टँकला एवढे पुरणार नाही. तिथे बॅटरीवरचा एअर पंप, किंवा तोही नसेल तर मगाने पाणी उचलून वरून ओतत राहणे.

आपल्याकडे घरोघरी असलेला इन्व्हर्टर इथे उपयोगी पडतो. त्यावर १०० वॉटचा हीटर आठ-दहा तासांत बॅटरी संपवतो. तीन वॉटचा एअर पंप तीच बॅटरी कित्येक दिवस पुरवून खातो. मर्यादित विजेत श्वास स्वस्त आणि ऊब महाग, हे श्वासवाल्यांचे बलस्थान आहे. निफाड-नाशिककडे पारा पाच-सहा अंशांवर उतरलेल्या रात्री घरातला टँक १८-२० वर आला, तर पंप चालू ठेवून बाकीचे गोधडीवर सोडता येते. टेक्ससमधल्या गोठलेल्या घरात ते पुरले नसते.

आणि एक गोष्ट वादापलीकडची. टेक्ससमध्ये त्या चार दिवसांत बंद घरात कोळसा पेटवून, गॅरेजमध्ये गाडी किंवा जनरेटर चालवून कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली. माशांसाठी खोलीत शेगडी पेटवणे हा उपाय कोणत्याही यादीत नसावा.

वीज परत आल्यावर

बहुतेक सल्ले वीज येईपर्यंतचे असतात. मला सर्वांत अपुरा वाटतो तो त्यानंतरचा भाग. साचलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढून सामू खाली आलेला असतो, त्यामुळे जमलेला अमोनिया काहीसा निष्प्रभ असतो. पंप जोरात सुरू झाला की तो वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. माशांच्या पिशव्या उघडताना व्यापाऱ्यांना हे ठाऊक असते. टँकच्या बाबतीत ते क्वचित बोलले जाते. आधी थोडे, जुळत्या तापमानाचे पाणी बदलून मग पंप पूर्ण जोरात लावावा, असे काही जण यावरून सुचवतात. गारठलेल्या माशाला नव्या पाण्याचा आणखी एक धक्का नको, असे इतर म्हणतात. पाण्याची पातळी उतरलेली असेल तर उघडा पडलेला हीटर वीज येताच तापून तडकतो, तेव्हा त्याची पिन आधीच काढून ठेवावी.

किती वेगाने तापवायचे, यावरही दोन मते आहेत. तासाला एक अंश हा रूढ नियम सावधगिरीतून आला आहे. रुळण्याच्या प्रयोगांवरून मासा चढते तापमान उतरत्यापेक्षा सहज स्वीकारतो असे दिसते, म्हणून काही जण दुप्पट वेगही चालेल म्हणतात. पण तापणाऱ्या माशाची ऑक्सिजनची भूक आधी वाढते आणि फिल्टर मागाहून सावरतो. वेग ठरवताना थर्मामीटरपेक्षा कल्ल्यांची हालचाल पाहावी, हे मला जास्त पटते.

मग येतो आजार. ब्लाय आणि क्लेम या संशोधकांनी मिसिसिपीत मांगूरवर्गीय माशांवर केलेल्या कामातून दिसले की तापमान झपाट्याने उतरले की प्रतिकारशक्तीची एक महत्त्वाची बाजू, नव्या जंतूला ओळखणाऱ्या टी-पेशी, दबून जाते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीचे चक्र २५ अंशांना आठवड्याच्या आत पुरे होते, १० अंशांना कित्येक आठवडे घेते. थंडीत दबलेला आजार ऊब परतल्यावर, मालक निर्धास्त झाल्यावर उफाळतो. वीजबंदीत ‘सगळे वाचले’ असे सांगणाऱ्यांचे मासे पंधरा दिवसांनी कसे होते, हे फारसे कुठे नोंदलेले नसते.

काय अजून सुटलेले नाही

आपल्याला थंडीच्या मरणमर्यादांचे जे आकडे मिळतात, त्यांतले बरेच दुसऱ्याच प्रश्नातून आले आहेत. फ्लोरिडातल्या संशोधकांना जाणून घ्यायचे असते की टँकमधून निसटलेला मासा तिथल्या ओढ्यांत हिवाळा काढू शकेल का. म्हणून ते निरोगी माशांना, हवा खेळत्या पाण्यात, ठरलेल्या वेगाने गार करतात. घरातल्या टँकमध्ये थंडी, अपुरा ऑक्सिजन, अमोनिया आणि अंधार एकत्र येतात, आणि या चौघांचा एकत्रित परिणाम त्या आकड्यांत नाही. झेब्रा मासा सहा अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतो असे प्रयोग सांगतात. म्हणजे तो सहा अंशांच्या अंधाऱ्या, साचलेल्या पाण्यात तीन दिवस काढेल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

अनुभवकथनांचे मोलही मर्यादित आहे. ज्यांचे मासे वाचले ते उपाय सांगतात, ज्यांचे गेले ते बहुधा गप्प राहतात. वीज गेल्याची वेळ, दर काही तासांचे पाण्याचे आणि खोलीचे तापमान, माशांची संख्या आणि नंतरच्या महिनाभरातले मृत्यू एवढे जरी हौशी लोकांनी लिहून ठेवले, तरी पुढच्या आढाव्याला पाया मिळेल.

शेवटचा प्रश्न मापांचा नाही. गारठत जाणाऱ्या माशाला काय जाणवते? अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शिकेत झेब्रासारख्या अगदी लहान उष्णकटिबंधीय माशांना दोन ते चार अंशांच्या पाण्यात एकदम सोडणे हा दयामरणाचा ग्राह्य मार्ग मानला आहे, कारण त्यात भान फार लवकर हरपते. मोठ्या माशांसाठी तोच मार्ग मान्य नाही. हळूहळू गार करण्यात थंडी भूल देते की शरीर हलू न देता यातना चालू ठेवते, यावर मत्स्यशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. कलंडलेला, पण कल्ले अजून हलवणारा मासा पुढे ऊब मिळाल्यावर पुष्कळदा सावरतो, म्हणून तो मेला समजून बाहेर काढू नये, एवढे नक्की. तो सावरेपर्यंत त्याने काय सोसले, याचे उत्तर सध्या कुणापाशी नाही.